उचकीतलं शेवटचं नाव

"पुरसो!"

स्टेजच्या अगदी खालून आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा, पण खणखणीत. पोरं, बायका, समुद्रावरून थेट जत्रेला आलेले खलाशी, सगळे आपापल्या आवडीची नावं ओरडत होते, ते एकदम गप्प झाले. ढोलकीवाल्याचा हातसुद्धा जड झाला. मी माइक धरून उभी होते. ती बाई पहिल्या रांगेतून उठून स्टेजच्या फळीला हात लावून उभी राहिली होती आणि वर आमच्या ह्यांच्या तोंडाकडं बघत होती.

ह्यांनी तिच्याकडं बघितलं. उचकी यायची वेळ झाली होती. 

उचकी आली नाही.

ढोलकीवाल्याला वाटलं, गाणं संपवलं. त्यानं तुकडा वाजवून टाकला. म्हातारी हसली. तिला पुढचे दात नव्हते, आणि त्या गावातल्या कुणी तिला कित्येक महिन्यांत हसताना बघितलं नव्हतं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

आमच्या ह्यांचं नाव मी सांगत नाही. आमच्या पिढीत बायका घेत नसत आणि मला ती सवय कधी सुटली नाही. ज्यांना हवं त्यांनी कॅसेटच्या जुन्या खोक्यात शोधावं. तिथंही आडनाव बारीक अक्षरात आणि 'उचकीवाले' ठळक. एक काळ असा होता की लग्नाच्या मांडवात, रिक्षात, उसाच्या ट्रॉलीवर तेच गाणं वाजायचं:

हिक् हिक् चाललंय सकाळधरनं,
कोण गं आठवण काढतंय घरनं?

माणूस उचक्या देतो, त्याची बायको एकेक नाव घेते. मामा आठवण काढतोय का? हिक्. वाणी? हिक्. सासू? सासूला दोनदा हिक्. शेवटी बायको लाजत स्वतःचं नाव घेते आणि उचकी थांबते. एवढंच गाणं. पण कार्यक्रमात ह्यांनी त्याचा खेळ केला होता. लोकांनी नावं ओरडायची, ह्यांनी उचकीत उत्तर द्यायचं. सरपंचाचं नाव आलं की उचकी घाबरत यायची. नव्या नवरदेवाचं आलं की लाडीगोडीनं. लोक हसून हसून गडाबडा लोळायचे.

हे खरं म्हणजे भजनात वाढलेले. गळा गोड. सुरुवातीला प्रत्येक कार्यक्रमात आधी एक अभंग म्हणायचे, मग लोक "उचकी, उचकी" करायला लागले की हसून पेटी बाजूला सारायचे. पुढं पुढं अभंग म्हणणं सोडूनच दिलं. मला वाईट वाटायचं. ह्यांना वाटायचं की नाही, ते कधी बोलले नाहीत. ती उचकी काढणं सोपं नव्हतं. पोट आत ओढून बरगडीखाली धक्का द्यायचा. कार्यक्रमाच्या दिवशी हे दुपारनंतर जेवत नसत, आणि रात्री मी छातीला तेल चोळून द्यायची.

घरी मला कधी खरी उचकी लागली की ह्यांना ऊत यायचा. समोर मांडी ठोकून बसायचे. "घे नाव, थांबेल." मी दूधवाल्याचं घ्यायची, शेजारणीचं, मुख्यमंत्र्यांचंसुद्धा घ्यायची. ह्यांचं नाही. मग गटागटा पाणी प्यायची. हे म्हणायचे, "पाण्यानं थांबवलीस. ही फसवणूक आहे."

तर त्या बंदराचं सांगते. मालवणच्या वरच्या अंगाला, खाडीच्या तोंडावर लहानसं गाव. आमचा एक नेम होता. कुठल्याही गावात गेलं की मी आधी चहाच्या टपरीवर बसायची आणि गावातली नावं काढून घ्यायची. चिकट दुकानदार कोण, मास्तर कोण, कुणाचं लग्न ठरलंय. पण सगळ्यात आधी विचारायची, कुणाचं नाव घ्यायचं नाही? ज्या घरात नुकतं कुणी गेलंय, त्या घराचं नाव खेळात येता कामा नये.

टपरीवाल्यानं कप विसळता विसळता सांगितलं होतं, "एक नाव घेव नकात. पुरसो तांडेल. नारळीपुनवेनंतर पयल्याच फेरीक गेलो, तो परत येवक नाय. होडयेतल्या वांगडच्या गड्यान तेका बुडताना बघल्यान, पण मढा गावाक नाय. म्हातारी अजून दारात बसता."

मी ते नाव ह्यांच्या कानावर घातलं होतं. ह्यांना माहीत होतं. आम्ही ते घेतलंही नाही. आईनंच घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर शाळेच्या वर्गात, जिथं आमची उतरायची सोय होती, तिथं मी ह्यांना धरलं.

"का थांबलात?"

"थांबली उचकी."

"मला सांगता? इतकी वर्षं शेजारी उभी आहे मी."

ते शर्टाची बटणं काढत होते. "मग काय करायचं होतं शालन? ती बाई वर तोंड करून उभी. तिच्या तोंडावर हिक् करू? तुझा मुलगा काही आठवण काढत नाही, असं सांगू?"

"खेळ आहे तो."

"तिच्यासाठी नव्हता," हे म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. तेल चोळायला हाक मारली नाही.

सकाळी टेम्पोत पेटी, ढोलकी, पडदे भरणं चाललं होतं. दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. पंचविशीच्या आतबाहेरची, काष्ट्याचं लुगडं, हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू. पण कुंकू असं पुसट लावलेलं की लावलंय की पुसलंय ते कळू नये.

"उचकीवाले तुमीच?"

"होय ताई," हे म्हणाले. "या."

ती आत आली नाही. "मी तांडेलांची सून. सुरंगी. काल सासवेन ज्येचा नाव घेतल्यान, तेंची बायल."

ह्यांच्या हातातली दोरी तशीच राहिली.

"काल घराक येवन सासवेन जेवण मागल्यान," ती म्हणाली. "भाकरी नि कडी. इतक्या म्हयन्यांत आपणहून कायेक मागूक नव्हता."

"मग चांगलं झालं की," हे म्हणाले. मला त्यांच्या आवाजात जरा सुटका ऐकू आली.

"चांगला?" सुरंगी म्हणाली. "सकाळी उठान भटजींका निरोप धाडल्यान. अमाशेचा कार्य रद्द. म्हणता, माझ्या झिलान आठवण काढल्यान. जित्या माणसाचे दिवस कसे करतास?"

मग तिनं सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, न रडता. प्रेत मिळालं नाही म्हणून दर्भाचा पुतळा करून कार्य करायचं ठरलं होतं. सासू ऐकत नव्हती. नणदा आल्या, भावकी आली, समजूत घालून घालून थकले. परवाच म्हातारीनं कुठं मान हलवली होती.

"माका कोण हळदीकुंकवाक बोलवणत नाय, नि मंगळसूत्र काढ म्हणान पण कोण सांगणत नाय. भाऊस न्हेवक येता. सासू म्हणता, घोव परत इलो तर तेका भाकर कोण वाढतला? मी कोण आसंय ताच माका कळणा नाय. सवाष्ण की रांड?"

तो शब्द तिनं इतक्या साधेपणानं उच्चारला की मी मान खाली घातली.

"तुम्ही म्हणाल ते करतो," हे म्हणाले.

"घराक येवन तिका सांगा. ती उचकी खोटी होती म्हणान."

ड्रायव्हर हॉर्न देत होता. संध्याकाळी घाटावर कार्यक्रम होता. हे चपला घालून तिच्या मागोमाग निघाले. मला यायला सांगितलं नाही, पण मी गेले. ह्यांना एकट्याला कुठं काही बोलता येतंय?

चिऱ्याचं घर, पुढं सारवलेलं अंगण. सारवण ताजं होतं. अंगणात दोन माडांना बांधून एक जाळं वाळत घातलेलं होतं. ते कधीचंच वाळून कडक झालं होतं. म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. केसांना तेल लावून अंबाडा घातलेला. आम्हाला बघून उठली.

"ये रे, ये उचकीवाल्या. बस. पेज घेतस?"

"नको आई."

"लाजतस कित्याक? माझो झील तुझ्यापेक्षा दुप्पट खाता."

खाता म्हणाली, खायचा असं नाही. हे खाली बघत पायरीवर बसले. सुरंगी खांबाला टेकून उभी राहिली. मी जरा लांब.

"आई," हे म्हणाले, "कालच्या गाण्याचं सांगायला आलो होतो. ती उचकी खरी नसते. मी काढतो ती."

म्हातारी हसली. "ता माका म्हायत नाय? मी काय ल्हान चेडू आसंय? तू काढतस. पण थांबता ती कोणाच्या हातात? येवढ्या लोकांनी नावां घेतली, थांबली? मी घेतलंय नि थांबली."

"मी थांबवली."

"कित्याक थांबवलंस?"

  काल रात्री ह्यांनी मला जे ठणकावून सांगितलं होतं, ते तिच्यासमोर सांगणं शक्य नव्हतं. तुमची दया आली म्हणून, असं आईला कोण सांगणार?

"माझ्या देवान थांबवल्यान," तीच म्हणाली. मग सुनेकडं बघितलं. सुनेनं तिला न विचारता आम्हाला आणलंय, हे तिला कळलं होतं. रागावली नाही. ह्यांच्याकडं वळून म्हणाली, "बरा. तू म्हणतस खोटी. मगे परत काढ. हय, माझ्यासमोर. आणि आज नाव मी घेवचंय नाय. काल मी घेतलंय, आज सुरंगी घेवंदे."

सुरंगीचा हात खांबावरून सुटला. "आये, माका नको."

"कित्याक?"

"घोवाचा नाव कसा घेव? आजपर्यंत घेवक नाय."

"आज घे," म्हातारी म्हणाली. "मी सांगतंय. तुका खरा काय ता जाणून घेवचा आसा ना? मगे घे."

मी ह्यांना म्हटलं, "चला. नको हे." हे उठले नाहीत. त्यांनी पोट आत ओढलं आणि गायला लागले.

पेटी नाही, ढोलकी नाही. माड आणि समुद्राचा आवाज. हिक् हिक् चाललंय सकाळधरनं. हसवायला बांधलेली चाल त्या अंगणात इतकी उघडी पडली की मला कान झाकून घ्यावेसे वाटले. पण माझी ओळ आली तशी मी म्हटली, सवयीनं. कोण गं आठवण काढतंय घरनं?

"वाणी?" मी विचारलं.

हिक्.

"मामा?"

हिक्.

कुणी हसलं नाही. हसायला होतं कोण? एक कोंबडी अंगणातून चालत गेली. मी सुरंगीकडं बघितलं. तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. ते बाजूला केलं. ओठ हलले, आवाज आला नाही. परत हलले.

"पुरसोत्तम," ती म्हणाली. पुरसो नाही. अख्खं नाव, नव्या नवरीसारखं.

ह्यांचे डोळे मिटलेले होते. माझ्या मनात आलं, हे परत थांबणार. ह्यांच्यात ती ताकदच नाही. थांबले असते तर मी त्यांना दोष दिला नसता.

हिक्.

सुरंगी तिथल्या तिथं खाली बसली. तिला हेच हवं होतं, हेच मागायला ती शाळेपर्यंत चालत आली होती. आणि आता दोन्ही हातांनी कान दाबून ती "नको, नको" म्हणायला लागली. मग तिला रडू फुटलं. इतके महिने साचलेलं ते रडणं. मी जाऊन तिला धरलं. ती माझ्या अंगावर कलंडली.

हिक्.

म्हातारी हलली नाही. ह्यांच्याकडं बघत राहिली.

हिक्. हिक्.

आता संपवायला हवं होतं. गाण्याचा शेवट माझ्याकडं होता. मी माझं नाव घ्यायचं, की हे थांबणार. त्याशिवाय हे कधीच थांबत नसत. उचकी अर्धवट सोडून गाणं बंद करायचं नाही, हे त्यांचं पथ्य होतं. पण त्या घरात, त्या पोरीला मांडीवर घेऊन, मी नवऱ्याची लाडकी म्हणून स्वतःचं नाव कसं घेऊ? मी घेतलं नाही. हे उचक्या देत राहिले. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते काढतायत की खरीच लागलीय, मला कळेना.

म्हातारी उठली. आत जाऊन तांब्या घेऊन आली. ह्यांच्या शेजारी बसली आणि लहान पोराला ठसका लागल्यावर थोपटतात तशी डोक्यावर थोपटत राहिली.

"सत्यभामा," ती म्हणाली.

हिक्.

"आई आठवण काढता रे तुझी. दुसरा कोण काढतला? सत्यभामा. सत्यभामा तांडेल."

ह्यांनी डोळे उघडले. छाती वर आली, राहिली, आणि हळूहळू खाली गेली. उचकी आली नाही.

"हां," म्हातारी म्हणाली. "पी आता पाणी. सावकाश."

हे तिच्या हातून पाणी प्याले. ती त्यांच्या घशाकडं बघत होती. तांब्या रिकामा झाल्यावर तिनं तो घेतला, तिथंच पालथा ठेवला, आणि उठून अंगणात गेली. माडांना बांधलेल्या जाळ्याच्या गाठी सोडायला लागली. गाठी कडक झालेल्या, सुटेनात. सुरंगी डोळे पुसत उठली आणि दुसऱ्या टोकाला गेली. दोघींनी मिळून ते जाळं काढलं, घडी घातली.

"भटजींका निरोप धाड," म्हातारी घडी दाबत म्हणाली. "अमाशेक येवंदेत."

आमच्याकडं तिनं परत बघितलं नाही. आम्ही निघून आलो.

टेम्पोनं घाट पार केला. मी विचारलं, "बरं वाटतंय ना?" तर म्हणाले, "त्या आईचं नाव सत्यभामा होतं, टपरीवाल्यानं सांगितलं नव्हतं." जणू तेवढंच चुकलं होतं.

त्यानंतर ह्यांनी लोकांकडून नावं घेणं बंद केलं. लोक ओरडायचे, हे ऐकू न आल्यासारखं करायचे. कॅसेटमधल्यासारखी फक्त ठरलेली नावं, आणि शेवटी माझं. खेळातली मजा गेली. जत्रावाले म्हणायला लागले, तुमच्यात आता पूर्वीचा दम राहिला नाही. आणखी दुसरी गाणी आली, दुसरे गाणारे आले. हे चुलतभावाच्या बँडच्या दुकानात बसायला लागले. रस्त्यानं जाताना पोरं मागून "हिक्!" करायची, तर हे वळून हात करायचे. "ओळखतात अजून," मला सांगायचे. मी भांडायची. इतकं चांगलं चाललेलं, एका म्हातारीपायी सोडलंत. ते ऐकून घ्यायचे. एकदाच म्हणाले, "त्या पोरीनं नाव घेतलं, तेव्हा तिच्या तोंडाकडं तू बघत होतीस. मी डोळे मिटले होते. तरी मला दिसतं ते."

सुरंगीचं पुढं काय झालं, ते फार उशिरा कळलं. ती भावाकडं गेली. काजूच्या कारखान्यात लागली, मग तिथल्याच एकाशी लग्न केलं. म्हातारीनंच लावून दिलं म्हणे, उभी राहून. ह्यांना हे सांगितलं तेव्हा ते आजारी होते. उशीवर मान वळवून म्हणाले, "बरं झालं." 

आता हे नाहीत.

मला उचकी लागते अधूनमधून, या वयात लागायचीच. सून धावत पाणी घेऊन येते. मी पेला हातात धरते आणि लगेच पीत नाही. ती आत गेली की एकेक नाव घेते, हळू आवाजात. मुलाचं, नातवाचं, बहिणीचं. गेलेल्या आईचं. उचकी चालूच राहते. मला माहीत आहे, एकच नाव राहिलंय. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, परत कधी नाही. आता अडवणारं कोण आहे? हे समोर बसलेलेसुद्धा दिसतात, मांडी ठोकून. घे नाव, थांबेल.

आणि नाही थांबली तर?

सुरंगीनं घेतलं होतं. माझ्याच्यानं होत नाही. मी पाणी पिते.